गोष्ट सांगणारा आवाज कुणाचा?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या मोहल्ल्यांतल्या वाचनालयांना मुलांची आठवण येते. फळ्यावर 'बाल कथाकथन, दर रविवारी सकाळी १० वाजता' असं लिहिलं जातं, चटया अंथरल्या जातात आणि हल्ली चटयांच्या समोर एक पडदा असतो. प्रोजेक्टर नसेल तर टीव्ही, टीव्ही नसेल तर कुणाचा तरी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. गोष्टीच्या तासाला ही डिजिटल साधनं वापरावीत की नाही, हा प्रश्न आपले कार्यकर्ते सतत विचारतात. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझं उत्तर 'हो' असणार हे बहुतेकांनी आधीच धरलेलं असतं. उत्तर 'हो'च आहे. पण ते ज्या कारणासाठी 'हो' आहे, ते कारण मला माझ्या व्यवसायाने शिकवलेलं नाही. ते सोलापुरात, विडी वळणाऱ्या एका खालांनी शिकवलं.

झालं असं. तिथल्या एका लहानशा वाचनालयात आम्ही काही मित्र रविवारी मुलांसाठी जातो. पहिल्या रविवारी मी मोठ्या हौसेने लॅपटॉप, प्रोजेक्टर, स्पीकर असा सगळा सरंजाम नेला. भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि कावळा-चिमणीचा एक रंगीत कार्टूनपट लावला. पस्तीसेक मुलं एकदम गप्प. मला वाटलं, जिंकलो. शेवटी विचारलं, चिमणीने दार का नाही उघडलं? पस्तीस मुलांपैकी एकाच्याही तोंडून शब्द नाही. एका मुलाने विचारलं, "दुसरा लगाओ ना."

दुसऱ्या रविवारी इंटरनेट मध्येच अडकलं. पडद्यावर चिमणी दाराआड, कावळा पावसात आणि त्यांच्यावर गोल गोल फिरणारं चाक. मी खाली वाकून मोबाईलशी झटापट करत होतो. नातवाला न्यायला आलेल्या खाला दारातच बसल्या होत्या. त्यांना ते चाक बघवेना. त्या तिथूनच म्हणाल्या, "हौ, अब्बी दरवाजा कैसा खोलेगी? बोलो!" मुलं मागे वळली. पुढची वीस मिनिटं पडद्यावर तेच एक चित्र होतं आणि गोष्ट दारातून येत होती. त्यांच्या गोष्टीतला कावळा सोलापूरचा होता, त्याला विड्यांच्या कारखान्याबाहेर चहा प्यायची सवय होती, आणि चिमणीने दार न उघडण्यावरून मुलांमध्ये दोन तट पडले. एका मुलीचं म्हणणं होतं की पावसात उभ्या असलेल्याला आत घेतलंच पाहिजे, मग तो कसाही असो. दुसरी म्हणाली, "और अंडे खाया तो?" नेट परत आलं तेव्हा मी ते गुपचूप बंद केलं.

त्यानंतर मी थोडं वाचन केलं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या बालरुग्णालयात जॉन हटन या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक प्रयोग मांडला होता. चार वर्षांच्या आसपासच्या २७ मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून गोष्टी तीन प्रकारांनी दिल्या: नुसता आवाज, आवाज आणि स्थिर चित्रं, आणि हलतं कार्टून. कार्टून बघताना मुलांच्या मेंदूतले बघण्या-ऐकण्याचे भाग जोरात चालले, पण वेगवेगळ्या भागांचा एकमेकांशी होणारा संवाद कमी पडला. गोष्ट समजण्यातही कार्टूनच मागे राहिलं. नुसत्या आवाजात मुलांना ताण पडला. स्थिर चित्र आणि सोबत आवाज, हे सर्वांत बरं जमलं. २७ हा आकडा लहान आहे, आणि यंत्रात झोपून ऐकणं वेगळं, चटईवर एकमेकांना ढकलत ऐकणं वेगळं. पण अडकलेल्या चिमणीने मला दाखवलं ते याच्याशी जुळतं. चित्र थांबलं की मूल ते स्वतः हलवायला लागतं.

आपल्याकडे हे नवीनही नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात, ती पद्धत हीच. हाताने रंगवलेल्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर उभं धरायचं आणि गात-बोलत गोष्ट पुढे न्यायची. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र किती वेळ धरायचं हे तिथे सांगणारा ठरवतो, समोरच्यांचे चेहरे बघून. प्रोजेक्टरचा उपयोग आम्ही आता एवढाच ठेवला आहे: पुस्तकाचं पान मोठं करून दाखवायचं, जेणेकरून पस्तीस मुलांमध्ये एक प्रत असली तरी मागच्या रांगेतल्या मुलाला चिमणी दिसेल. रिमोट सांगणाऱ्याच्या हातात. आपोआप पान उलटणारी सोय पहिल्यांदा बंद करायची.

पण माझ्या दृष्टीने खरा मुद्दा चित्राचा नाही, भाषेचा आहे. त्या रविवारी मुलांना बोलतं केलं ते दखनीने.

आपल्या शाळा मुलांना एकतर मराठीत शिकवतात किंवा उर्दूत. घरात मूल बोलतं ती दखनी, कोकणात कोकणी, आणि या बोलींना दोन्हीकडे 'बिघडलेली' म्हणायची रीत आहे. उर्दूचे मास्तर तलफ्फुज सुधारतात, मराठीच्या बाई अनुनासिकं सुधारतात. मूल एवढंच शिकतं की घरात आपण जे बोलतो ते चुकीचं आहे. खरं तर दखनी ही महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या दुभाषिक आयुष्याची सर्वांत जुनी साक्ष आहे. 'नक्को' हा तिचा सर्वांत लाडका शब्द मराठीच्या 'नको'चाच आहे. 'मैच जातूं', 'उनेच बोल्या' यातला जोर देणारा 'च' मराठीने दिलेला आहे. आणि ही काही फक्त बाजारात बोलायची भाषा नव्हती. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' हे गद्य कथानक याच भाषेत लिहिलं.

सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. तिथल्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' नावाची दखनी गीतं रचली गेली. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या पुस्तकात त्यांचा अभ्यास केला आहे. बायका पहाटे दळायला बसत, चरख्यावर सूत काढत, आणि हाताच्या लयीत ही गीतं गात. खानकाहतली शिकवण पुस्तकांनी घरात पोचली नाही इतकी या गाण्यांनी पोचली, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या घरात जात्यावर मराठी ओवी चालू असायची, या घरात चक्कीनामा. जातं तेच, पीठ तेच.

मला यात एक तांत्रिक गोष्ट दिसते (सवय जात नाही). जातं हे यंत्र होतं, पण त्याने गाणं म्हटलं नाही. त्याने ताल धरला, गाणाऱ्या बाईचा हात गुंतवला आणि तोंड मोकळं ठेवलं. खालांच्या मांडीवरच्या सुपाचं आजही तेच आहे. हजार विड्या वळेपर्यंत नातवंडांना किती गोष्टी सांगून होतात, याचा हिशेब कुणी केलेला नाही. वाचनालयात यंत्र आणायचं असेल तर ते असं असावं. तोंड बंद करणारं यंत्र मुलांपुढे ठेवायला वाचनालय कशाला, ते घरोघरी आहेच.

मग मोबाईल काय करू शकतो? तो ऐकून ठेवू शकतो. आम्ही खालांच्या परवानगीने त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करायला सुरुवात केली. त्यात एका कंजूस हलवायाची आणि त्याच्या बोलक्या कढईची गोष्ट आहे, जी मुलांनी आतापर्यंत चार वेळा मागून घेतली. रेकॉर्डिंग ऐकून नववीतल्या दोन मुलींनी ती लिहून काढली: एकीने उर्दूत, दुसरीने मराठीत. चित्रं बाकीच्यांनी काढली, मोबाईलने फोटो घेतले. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, 'स्टोरीवीव्हर' हे खुलं व्यासपीठ सुरू केलं. त्यावर मराठी आणि उर्दूसह शेकडो भाषांतल्या सचित्र गोष्टी आहेत, मोफत. त्या वाचता येतात, छापता येतात, दुसऱ्या भाषेत नेता येतात, कारण त्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक आणि चित्रकाराचं नाव दिलं की पुरे. ज्या वाचनालयाकडे मुलांची वीसच पुस्तकं आहेत, आणि त्यातली दहा फाटकी, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. गोष्टी आधीच उतरवून ठेवल्या तर रविवारी नेटवर अवलंबून राहावं लागत नाही, हे मी त्या फिरत्या चाकाकडून शिकलो.

उर्दूचं काम मात्र सोपं नाही, आणि तो त्रास सांगायलाच हवा. मराठीवाल्यांना आठवत असेल, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. उर्दूत ती अडचण दुप्पट. नस्तालीक लिपीत अक्षरं उतरत्या ओळीने एकमेकांवर चढतात, शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतात. म्हणून वर्षानुवर्षं उर्दू छपाई 'इनपेज'सारख्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर चालली, आणि मजकूर तिथेच कोंडून राहिला: तो शोधता येत नाही, मोबाईलला वाचून दाखवता येत नाही, मराठी भाषांतराशेजारी ठेवता येत नाही. आता युनिकोड आणि 'नोटो नस्तालीक उर्दू'सारखे मोफत फॉन्ट आहेत. तरीही डावीकडून जाणारी मराठी आणि उजवीकडून येणारी उर्दू एकाच पानावर बसवताना माझ्यासारख्याचे दोन रविवार गेले. विरामचिन्हं ओळीच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतात. ज्याला हे जमतं त्याने ते एकदा करून साचा बाकीच्या वाचनालयांना द्यावा. आपल्यातल्या इंजिनिअर मुलामुलींनी मोहल्ल्यासाठी काय करावं असं विचारलं जातं, त्यांना हे काम आहे.

यंत्राच्या भाषांतराबद्दल एक शब्द. आम्ही खालांचं रेकॉर्डिंग आवाजाचं मजकुरात रूपांतर करणाऱ्या ॲपला ऐकवून पाहिलं. भाषेच्या यादीत दखनी नाही, म्हणून हिंदी निवडली. त्याने त्यांची दखनी नीटनेटकी हिंदी करून टाकली. 'नक्को'चं 'नहीं' झालं, 'कायकू'चं 'क्यों'. यंत्रही आपल्या मास्तरांसारखंच निघालं. मुलींनी ते सगळं खोडून हाताने लिहिलं. 'नक्को' त्यांनी उर्दूतही ठेवला आणि मराठीतही.

यातली एक मुलगी सातवीपर्यंत उर्दू शाळेत होती. अनेक गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीलाच संपते. पुढे मराठी शाळा, नाहीतर घर. आणि मुलीच्या बाबतीत बरेचदा घर. ती मराठी शाळेत गेली, पहिलं वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. आता तिच्याकडे एक गोष्ट आहे जी तिला उर्दूत येते, दखनीत येते आणि मराठीत तिने स्वतः आणली आहे, आणि रविवारी लहान मुलं तिच्यासमोर बसून ती ऐकतात. शाळागळती एका गोष्टीने थांबते असा दावा मी करणार नाही. पण ज्या वयात ही मुलं भाषेच्या उंबरठ्यावर अडखळतात, त्याच वयात दोन्ही भाषांत एकच गोष्ट हातात असणं ही मदत आहे, आणि ती क्लासच्या फीपेक्षा स्वस्त आहे. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरातच भरलं होतं. तिथून सुरू झालेलं बोलणं दहा-बारा वर्षांच्या वाचकापर्यंत अजून पुरेसं गेलेलं नाही. मराठी बालपुस्तकात आपलं मूल भेटतं ते ईदच्या पानावर, शीरखुर्म्याच्या वाटीसह. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ते काय करतं, त्याची सायकल पंक्चर होते का, गणितात त्याला किती मार्क पडतात, हे लिहायला बाहेरून कुणी येणार नाही.

आक्षेप दोन्ही बाजूंनी आले. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, मुलांच्या हातातून मोबाईल काढायचा सोडून तुम्ही वाचनालयात आणता? हा आक्षेप मी टाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, त्याहून कमी असेल तर बरं. म्हणून आमच्याकडे मोबाईल मुलांच्या हातात जात नाही. रेकॉर्डिंग, फोटो, टायपिंग मोठी मुलं करतात, लहानांना पान दिसतं आणि माणूस दिसतो. वाचनाचा सराव घेणारी ॲप आहेत, गूगलचं 'रीड अलाँग' मराठी आणि उर्दू दोन्ही जाणतं, मूल वाचतं आणि ते ऐकून चूक सांगतं. चांगलं आहे. पण ती उजळणी झाली; तिला गोष्टीचा तास म्हणू नये.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे, म्हणून जरा जास्त बोलतो. आपली चळवळ विवेकाची, आणि खालांच्या गोष्टींत जिन्न आहेत, पऱ्या आहेत, बोलणारी कढई आहे. हे पुन्हा मुलांच्या डोक्यात का भरायचं? मला वाटतं, इथे आपण चुकतो. ताईत बांधून पैसे उकळणारा बाबा आणि गोष्टीतला जिन्न यांच्यातला फरक सहा वर्षांच्या मुलाला कळतो. कढई खरंच बोलते का, हे विचारल्यावर मुलं आमच्याकडेच दयेने बघतात. जे मूल 'असं झालं असतं तर?' हा खेळ खेळतं, तेच पुढे 'असंच का?' विचारतं. गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारायची मोकळीक असली म्हणजे झालं. बोधपर गोष्टींचे आपले काही संच मी वाचले आहेत. त्यात सगळी पात्रं भाषण करतात.

खासगीपणाबद्दल मात्र मी हट्टी आहे. कार्यक्रम झाला की मुलांचे चेहरे दहा जणांच्या स्टेटसवर असतात, देणगीदाराला पाठवले जातात, यूट्यूबवर चढतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येण्यासारखी संमती लागते. प्रत्येक छोट्या वाचनालयाला तो कायदा कसा लागू होईल हे वकील सांगतील. आपण कायद्याची वाट बघायचं कारण नाही. आज ज्या वातावरणात आपण राहतो, त्यात आपल्या मुलामुलींचे चेहरे, नावं आणि मोहल्ला एकत्र करून इंटरनेटवर टाकताना दहा वेळा विचार केला पाहिजे. आमचा नियम साधा आहे: आवाज, चित्रं आणि लिखाण बाहेर जाईल, चेहरा जाणार नाही, आणि आवाजही आई-वडील आणि मूल दोघांनी 'हो' म्हटलं तरच. एका देणगीदाराने यावर नाराज होऊन पुढचे पैसे थांबवले. त्यांनी दिलेले टॅब कपाटात आहेत. त्यात इंग्रजी कार्टून भरून आली होती, आणि गोष्ट सांगायला माणूस हवा हे त्यांच्या योजनेत कुठेच नव्हतं.

इथे सरकारचाही विषय निघतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान मिळतं. त्या तुटपुंज्या रकमेत ग्रंथपालाचं मानधन भागवताना समित्यांची दमछाक होते. आता सगळीकडे 'डिजिटल वाचनालय' हा शब्द ऐकू येतो, म्हणजे संगणक येतील, कदाचित टॅबही. आमची मागणी वेगळी आहे. मुलांना गोष्ट सांगणाऱ्या व्यक्तीला तासाचं मानधन द्या. खालांसारख्या बाईचा एक रविवार म्हणजे तेवढ्या न वळलेल्या विड्या, म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. प्रोजेक्टर एकदाच लागतो, त्या दर आठवड्याला लागतात. आणि मोहल्ल्याच्या समित्यांनीही सरकारकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. मशिदीच्या रंगकामाला वर्गणी जमते.

सध्या पाच गोष्टी तयार आहेत, तीन मराठी-उर्दू दोन्हीत आणि दोन अजून मराठीतच अडकलेल्या. ज्या वाचनालयांना हव्या असतील त्यांनी संपादकांना कळवावं. साचा, फॉन्ट आणि परवान्याची माहिती सोबत पाठवू. त्या बदल्यात आम्हाला तुमच्याकडची एक गोष्ट हवी आहे, कोकणी असेल तर उत्तमच.

गेल्या रविवारी कढईच्या गोष्टीचं पक्कं रेकॉर्डिंग आम्ही खालांना स्पीकरवर ऐकवलं. मांडीवर सूप होतंच. त्या हात न थांबवता पूर्ण ऐकत होत्या. हलवाई बाजारात जातो त्या जागी त्यांनी मान हलवली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, "नक्को, ये गलत बोली मै. फिरसे लेओ." मुलं आधीच जवळ सरकली होती.